घाटावरच्या गाडीचा गंज

"एक कण गंज दाखवा आणि गाडी फुकट न्या," असं म्हणत सुरेश मगदुमाने ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट बाजूला टाकली, तिच्याखालचं कार्पेट झटक्यात वर उचललं, आणि तो बघतच राहिला.

आम्हीही बघत राहिलो. खालच्या पांढऱ्या पत्र्यावर चांगला ताटलीएवढा लाल-तांबूस डाग पसरला होता. दाराच्या उंबऱ्याशी तेच, पॅडलच्या मागे तेच.

"फुकट म्हणालात ना?" माझे जावई दिगंबर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मामी, चला, बसा गाडीत. फुकटात गावली."

"अहो, परवा नव्हता हा!" सुरेशचा आवाज चढला. "परवा मी स्वतः धुतलीय गाडी. आतून-बाहेरून."

"गंज म्हणजे काय पाहुणा आहे, परवा नव्हता आणि आज आला म्हणायला?"

"मग वरवरचा असेल. घासला की जाईल."

"सगळे विकणारे हेच म्हणतात," जावई म्हणाले.

वेंगुर्ल्याहून आंबोलीचा घाट चढून, आजरा ओलांडून आम्ही गडहिंग्लजला आलो होतो ते ह्या एका गाडीसाठी. आमच्या बाजूला समुद्राकाठची जुनी गाडी शहाणा माणूस घेत नाही. खारं वारं लोखंडाला कसं खातं ते आम्ही दाराच्या कड्या आणि खिडक्यांचे गज बघून जाणतो. वरून नव्या नवरीसारखी रंगवलेली गाडी आतून पापडासारखी असते, पाय जोरात आपटला तर रस्ता दिसेल. म्हणून आमची माणसं जुनी गाडी बघायला घाटावर जातात, आणि घाटावरचे विकणारेही ते जाणून असतात. ह्या सुरेशने पेपरात जाहिरातच तशी दिली होती, की समुद्र न पाहिलेली गाडी, गंज नावाला नाही.

गाडी हवी होती माझ्या सुनेसाठी. हर्षदा तिचं नाव, नर्सिंग शिकलेली. सावंतवाडीच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची, आणि त्या वेळांना आमच्या वाडीतून एसटी नाही. मग एक तर गाडी घ्यायची, नाहीतर सावंतवाडीला खोली करून राहायचं. खोलीचं तिने एकदाच काढलं, जेवताना. मी भाताचा घास खाली न ठेवता सांगितलं, "माझ्या घरातली सून भाड्याच्या खोलीत ऱ्हवाची नाय. गाडी घेवया." विषय संपला. तिने ताट उचललं आणि ती विहिरीवर गेली.

माझा लेक राजन बोटीवर. वर्षातून एकदा तोंड दाखवणार. नात चिनू तेव्हा चार वर्षांची, आता ती कॉलेजात आहे. सून आणि नात गेली की त्या घरात राहिलं कोण? मी आणि मांजर. पण हे मी कुणाला बोलले नव्हते. मी भामा गिरप. बाजारात माझ्या मासळीच्या पाटीसमोर मोठमोठे हॉटेलवाले 'काकी, आमच्यासाठी ठेवा' म्हणून उभे असतात. मी कुणाला 'जाव नको गो' म्हणून सांगणारी बाई नव्हे.

जावयांना बरोबर घेतलं होतं, कारण गाडीतलं सगळं आपल्याला कळतं असं ते म्हणत, आणि जावयाचं म्हणणं आमच्यात तोंडावर कुणी खोडत नाही. ते पांढरी पँट घालून आले होते. खिशात एक लोहचुंबक होतं, जुन्या रेडिओच्या भोंग्यातून काढलेलं. पत्रा गंजून भोक पडलं की लबाड लोक तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात आणि वरून रंग मारतात. लांबीला चुंबक चिकटत नाही, असं त्यांनी मला वाटेत तीनदा तरी सांगितलं. ते खोटं नाही. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, जिथे म्हणून पाणी साचतं तिथे त्यांनी चुंबक लावून बघितलं. टक्कन चिकटत होतं. सुरेश फुलत चालला होता. शेवटी त्या फुलण्याच्या भरात त्याने आपल्याच हाताने कार्पेट उचललं.

"बापू, तिथंय चुंबक लावन बघा," मी जावयांना म्हटलं.

"दिसता ता चुंबकान कित्याक बघूचा, मामी?" त्यांनी पँटची घडी सांभाळली. "ह्या बघूक डोळे पुरे."

"आई!" सुरेशने घराकडे तोंड करून हाक मारली. "गाडीत पाणी गेलं होतं का गं कधी?"

ओट्यावर त्याची आई सुपात शेंगदाणे पाखडत बसली होती. माझ्याच वयाची असेल. कपाळावर विभूतीचं बोट, मनगटावर पुरुषी घड्याळ. आम्ही आलो तेव्हा 'या बसा' म्हणाली होती, तेवढंच. तिने मान वर न करता उत्तर दिलं.

"मी सांगतच होतो की तुला, गाडी सडलीया म्हणून." त्या बाजूला बायकाही 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात. "पर आईचं ऐकतंय कोण?"

"आई, तू गप बस जरा."

"गप तर गप." सूप पुन्हा खालीवर व्हायला लागलं.

सुरेश आमच्याकडे बघून कसनुसा हसला. "काल एक गिऱ्हाईक आलं होतं. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात हिने त्याला काय सांगितलं कोण जाणे, गाडीला हात न लावता पळाला."

"खरं ते सांगितलं," ओट्यावरून आवाज आला.

मी त्या बाईकडे नीट बघितलं. उभा जन्म बाजारात बसून मासळी विकली. आपल्या पाटीतल्या माशाला वाईट म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. डोळे आत गेलेला बांगडासुद्धा आम्ही 'आत्ता उतरलाय, बघा कसा बघतोय तुमच्याकडे' म्हणून विकतो. आणि ही बाई आपल्या दारातली गाडी सडली म्हणून परक्या माणसांना सांगते. एक तर ती वेडी असायला हवी, नाहीतर माझ्यापेक्षा पोचलेली. डोळ्यांवरून वेडी दिसत नव्हती.

मी गाडीच्या दाराशी उकिडवी बसले.

"मामी, हात खराब होतले."

"हात धुवक येतत, बापू."

बोट जिभेला लावून ओलं केलं आणि त्या डागावर घासलं. शिळ्या माशाचे कल्ले पांढरे पडले की काही जणी त्यांना रक्त चोपडतात. गिऱ्हाईक लांबून बघतं, लाल दिसलं की ताजा म्हणून घेऊन जातं. मी कल्ल्यात बोट घालते. अंगचा लाल बोटाला येत नाही, चोपडलेला येतो. आणि गंज तर मी रोज बघते, माझ्या घरच्या खिडकीला, कोयत्याला, विहिरीच्या रहाटाला. तो हाताला खरखरतो, त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड देवी आलेल्या तोंडासारखं लागतं. इथे माझ्या बोटाला आलं ते मऊ, पिठासारखं, आणि त्याच्याखाली पत्रा ताटासारखा गुळगुळीत. वास घेतला. मातीचा.

गेरू.

मी मान वळवली. ओट्याच्या कडेने फुलझाडांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या, ताज्या गेरूने रंगवलेल्या. शेवटची तेवढी अर्धीच राहिली होती. गेरू पुरला नसावा. ओट्यावरचं सूप थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या नखांकडे.

बोट पदराला पुसून मी उठले.

"काय वाटता, मामी?"

"तुम्ही जाणते आहात, बापू. तुम्हीच बोला," मी म्हटलं.

बाजारात एक नियम आहे. आपल्याला जे दिसलं ते समोरच्याला दिसलं नसेल तर तोंड मिटून घ्यायचं. जावई सुटलेच. "ही गाडी गिऱ्हाइकाला नव्हे, भंगारवाल्याला दाखवायची," इथून त्यांनी सुरुवात केली. सुरेश बिचारा पुण्याला नोकरीला, चार दिवसांच्या रजेवर आलेला, त्याला गाडी विकून मोकळं व्हायचं होतं. ओहोटीचं पाणी सरावं तशी त्याची किंमत खाली सरत होती. मी तोंडाला पदर लावून मध्येच एखादा सुस्कारा टाकत होते. हर्षदा ह्या सगळ्यात नव्हतीच. ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून रस्त्यावरच्या एसटीकडे बघत होती. आली तेव्हापासून तिने गाडीला हातही लावला नव्हता.

"सुरेश, पाव्हण्यांना च्या नको व्हय?" ती बाई सूप ठेवून उठली. "बाई, तुम्ही या आत. बाप्यांचं चालू द्या."

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तिने आधी दार लोटलं, मग चहाचं आधण ठेवलं, मग माझ्याकडे वळली.

"वळीखलंस," ती म्हणाली. सरळ अगं-तुगंवर.

"मासळीवाली आहे मी."

"मग बोलली न्हाईस ते?"

"भाव उतरतोय ना. उतरू दे की."

ती हसली. अशी मोकळी हसली की मलाही हसू आवरेना. "लई पक्की हैस!"

"आणि तू काय कमी आहेस? पण काम कच्चं केलंस. नुसता गेरू मऊ लागतो हाताला. त्यात बारीक रेती घालायची होतीस, वरून मिठाचं पाणी मारायचं होतंस. आणि नखं तरी धुवायचीस."

तिने नखांकडे बघितलं आणि हात पदराखाली घेतला. "येळ कुठं हुता? काल सांजच्याला त्यो केस कापायला गेला तेवढ्यात उरकलं. गुडघं धरल्यात अजून."

"एवढा खटाटोप कशासाठी?"

आधण उकळत होतं. तिने त्यात गूळ टाकला, चहाची पूड टाकली, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलली. "आमच्या मालकांनी मला शिकवली ती गाडी. त्येंच्या मागारी शेताकडं मीच जातो, बाजाराला मीच, संकेश्वरला भणीकडं मीच. कुणाला 'सोड की रं मला' म्हणायला लागत न्हाई. आता ह्येला पुण्यात झोप येत न्हाई म्हणं, आई एकटी गाडी चालवतीया म्हणून. मला पुण्याला न्यायची हाय. मी काय सरळ जात न्हाई. मग गाडी विकायची. पायच काढून घेतलं की म्हातारी बसल चार दिस हात चोळत आणि पाचव्या दिशी आपणच बॅग भरंल."

"लेक आहे. काळजीनेच म्हणत असेल."

"काळजीच हाय की!" ती वळली. "मी कुठं न्हाई म्हणतो? रागानं बांधलं असतं तर दावं तोडून गेलो असतो. काळजीचं दावं तुटता तुटत न्हाई." तिने कपबशा मांडल्या. "तुला कशाला पायजे गाडी?"

"सुनेला. तिची नोकरी सावंतवाडीला. गाडी झाली की रोज घरी येईल."

"आणि न्हाई झाली तर?"

"तर तिकडे खोली करून राहीन म्हणते. पण गाडी होणारच आहे."

"म्हंजे तिला तिकडं ऱ्हायाचं हाय."

"तिचं काय विचारायचं? पोर लहान आहे. घरचं माणूस घरी नको? मी दोन वेळचं गरम करून घालते, पोरीला सांभाळते. काय कमी आहे तिला?"

ती चहा गाळता गाळता थांबली. गाळणं तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मग मी माझ्या लेकाला कशाला नावं ठेवू?" ती म्हणाली. "तुम्ही दोघं एकाच माळंचं मणी."

मला झणकन राग आला. "हे बघ, मी तुझी गाडी बघायला आले आहे. माझं घर बघायला तुला कुणी बोलावलं नाही."

"बरं. च्या घे."

"नको मला."

"घे गं. चहावर कशाला राग?" तिने कप माझ्यापुढे सरकवला. "हे बघ, मी काय तुझ्या पाया पडणार न्हाई. तुला घ्यायची तर घे. गेरू पुसलास की चोख गाडी हाय. मालकांनी दर साली खालनं डांबराचं काळं मारून घेतलं होतं पत्र्याला. सुरेश पेपरात खोटं न्हाई लिहिला. तू तोंड उघडलं न्हाईस, माझी अब्रू ठेवलीस, तेवढं लई झालं."

मला उलट बोलायचं होतं. मी हर्षदासाठी दुसरा कप उचलला आणि मागच्या दाराने बाहेर पडले, तिच्याबरोबर त्या खोलीत आणखी बसायचं नव्हतं म्हणून.

घराला वळसा घालून मी गाडीच्या मागे आले. सुरेश आणि जावई फाटकाशी उभे राहून बोलत होते, पाठमोरे. हर्षदा आता गाडीच्या उघड्या दाराशी बसली होती, अगदी मी बसले होते तशीच. कार्पेट तिने वर केलं होतं. हातात तिचा छोटा पांढरा रुमाल, ओला केलेला. तिने तो त्या डागावरून एकदा फिरवला. पांढराशुभ्र पत्रा उघडा पडला, बशीएवढा. तिने बोटाने पत्रा वाजवून बघितला. रुमाल उलटा करून बघितला. नर्स ती, जखम खरी की रंग, हे तिला कळायला कितीसा वेळ?

आता ही हाक मारणार, मी मनात म्हटलं. आता 'आई, बघा, गंज नाहीच' म्हणणार. आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की हातातला चहा बशीत सांडला.

तिने एकदा फाटकाकडे बघितलं. मग तिने रुमालातला लाल पुन्हा त्या पुसलेल्या जागेवर टिपला. बोटाने नीट पसरवला, हलक्या हाताने, कडा कुठे दिसू नयेत असा, मलम लावावं तसा. पांढरं काही उरलं नाही असं बघून घेतलं. मग कार्पेट हळूच खाली सोडलं, रुमाल मुठीत दाबला आणि उभी राहिली.

तिने मला बघितलं नाही. मी दोन पावलं मागे सरले आणि पुन्हा घराला वळसा घालून, कप स्वयंपाकघरात ठेवून पुढच्या दाराने आले, चपला वाजवत.

"मामी!" जावई खुशीत होते. मला बाजूला घेऊन त्यांनी सुरेशची शेवटची किंमत कानात सांगितली. त्या किमतीत आमच्याकडे जुनी मोटारसायकल आली नसती. "आता सोडूची नाय. खालचो पत्रो कापून नवीन मारून घेवया. वेल्डर माझ्या वळखीचो."

सुरेश किल्ली हातात घेऊन उभा होता. त्याची आई ओट्यावर येऊन पुन्हा सुपाशी बसली होती, पण सूप हलत नव्हतं.

"हर्षदा," मी म्हटलं, "तुका काय वाटता?"

तिने चमकून माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून हा प्रश्न मी तिला साडीच्या दुकानातसुद्धा विचारला नव्हता.

"तुम्ही म्हणशात तसा, आई."

"मी काय म्हणतंय ता माका म्हायत आसा. तुका विचारलंय."

तिची मूठ घट्ट झाली. "गाडीतला माका काय कळता," ती म्हणाली. "पण गंज दिसता, आई. बरोच दिसता."

एरवी तिचं खोटं मी उंबऱ्यावरच पकडते. सरळ बोलणारी पोर ती, खोटं बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या तेव्हाही झाल्या होत्या.

"गंजच आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी हात लावून बघितलाय. सगळी खाल्लीय खालून. आम्हाला नको ही गाडी."

"पण मामी, भाव—"

"बापू, गंज पहिल्यांदा कोणी ओळखला? तुम्हीच ना? मग तुमचा शब्द मी खोडू?"

त्यांनी चुंबक खिशात घातलं.

मी सुरेशकडे वळले. "रागावू नका, भाऊ. पण एक सांगते. ही गाडी आता परक्याच्या गळ्यात मारू नका. उद्या कुणाच्या पायाखालचा पत्रा फाटला तर शिव्याशाप तुमच्या घराला. आहे तशी राहू दे दारात."

"दारात ठेवून काय करू, काकू? आई चालवेल! गंजलेली गाडी घेऊन शेतावर जाईल!" तो रडकुंडीला आला होता. "तुम्हीच सांगा तिला. माझं ऐकत नाही."

"तुम्ही तिचं ऐकता का?" मी म्हटलं. आणि म्हटल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. मी आवाज खाली आणला. "तिला बसून विचारा एकदा, भाऊ. जाहिरात देण्याआधी विचारायला हवं होतं तसं."

ओट्यावरून उत्तर आलं. "पत्र्याचं मी बघतो. वेल्डर माझ्या वळखीचा हाय."

"तुझ्या ओळखीचा वेल्डर?" सुरेश तिच्याकडे बघत राहिला.

"का? आईला वळख नसावी व्हय कुणाची?"

तो ओट्याच्या पायरीवर बसला. किल्ली त्याने बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "बरं, बोल," तो म्हणाला. "तुझं काय म्हणणं आहे, बोल एकदा." किल्ली सुपातल्या शेंगदाण्यांत कधी गेली ते त्याने बघितलं नाही. मी बघितलं.

आम्ही निघालो तेव्हा ती आपल्या हाताने गुळाची एक भेली घेऊन फाटकापर्यंत आली. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही.

"परत ये की कवातरी," ती म्हणाली.

"येईन. बांगडे घेऊन येते."

"शिवशिव! आमच्यात चालत न्हाई. मोकळ्या हातानं ये." मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "गाडी चोख हुती गं. तुझं नुसकान झालं."

"माझं नुकसान मी बघीन," मी म्हटलं. "तू नखं धू."

परतीच्या वाटेवर जावई आपली जीप चालवत होते आणि रुसले होते. तेवढ्या किमतीची गाडी सोडली हे त्यांना सहन होत नव्हतं. आजऱ्यापर्यंत ते गंजाबद्दलच बोलत होते, पण आता उलट बाजूने. गंज म्हणजे काय मोठासा नव्हता, वरवरचा होता, घासला असता तर गेला असता. मी हूं हूं करत राहिले. हर्षदा माझ्या शेजारी मागच्या सीटवर. मूठ आता उघडी होती. रुमाल कुठे टाकला कोण जाणे.

आंबोली आली, घाट उतरायला लागला. खाली लांबवर आमची बाजू दिसायला लागली, माडांची, ओलसर. गाडी एका वळणावरून दुसऱ्यावर कलत होती, आणि दर वळणाला माझा खांदा तिच्या खांद्याला लागत होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या घरात संध्याकाळी दिवा लावल्यावर मी काय करीन? मांजराशी बोलण्यातली मी नव्हे. विचार करून करून कंटाळा आला, तेव्हा मी घसा साफ केला.

"सावंतवाडीक खोली बघशीत," मी समोर बघूनच म्हटलं, "तर आधी बाव बघ. नळाच्या पान्यार इश्वास ठेव नको."

विहिरीशिवायचं घर मी घर मानत नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"बघून ठेयलंय, आई," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बाव आसा."

"कधी बघलंस?"

"गेल्या म्हयन्यात."

गेल्या महिन्यात. म्हणजे मी जेवताना विषय संपवला त्याच्यानंतर. मी भेलीचा कागद उगाच घट्ट केला.

"पानी गोडा?"

"गोडा."

"खोल्ये किती?"

"दोन."

"तू नि चिनू. दोन कित्याक?"

आता तिने तोंड माझ्याकडे वळवलं. कानाच्या पाळ्या बघितल्या मी. लाल नव्हत्या.

"सावंतवाडीच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही मासळी घेवन येशात," ती म्हणाली. "सगळी इकून होयसर शेवटची एसटी चुकली तर ऱ्हवशात खय?"

"माझी एसटी आजून कधी चुकूक नाय," मी म्हटलं.

आणि ते खरंच होतं. पुढे मात्र बाजाराच्या दिवशी ती बरेचदा चुकायला लागली.